जुन्या शेगडीचा जीर्णोद्धार

आपल्याकडे घरांतील जुनी वस्तु बहुधा दोनच ठिकाणीं जाते. माळ्यावर अथवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर. माळ्यावर गेलेली विसरली जाते आणि हातगाडीवर गेलेली कवडीमोलानें मोडली जाते. यांखेरीज तिसरीहि एक वाट आहे, ती दुरुस्तीची. ही वाट स्वस्त आहे, बोधप्रद आहे व सुटीचे दिवस सार्थकीं लावणारी आहे. परंतु ती सर्वस्वीं निर्धोक आहे असें म्हणवत नाहीं. विशेषतः दुरुस्त करावयाची वस्तु विस्तवाशीं संबंध ठेवणारी असेल, तर कोणतें काम आधीं व कोणतें मागून हें नीट समजून घेतल्यावांचून तिला हात घालूं नये. प्रस्तुत लेखांत गॅसच्या जुन्या शेगडीचा जीर्णोद्धार कसा करावा, तिच्या बटणांचा गेलेला रंग परत कसा आणावा, आणि तें करतांना कोणती चूक टाळावी, हें सांगण्याचा विचार आहे. ती चूक कोणती, हें मला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. ती मीं स्वतः केलेली आहे.

गोष्ट अकोल्याची. मी त्या वेळीं शाळेंत होतों. आमच्या आजीची दोन चुलींची लोखंडी शेगडी कित्येक वर्षें माळ्यावर पडून होती. नवी शेगडी बिघडल्यामुळें ती एके दिवशीं खालीं उतरविण्यांत आली. तिच्या अंगावरील पांढऱ्या रंगाचे पोपडे निघाले होते, जाळीवर तांबूस गंज चढला होता आणि एके काळीं काळीभोर असलेलीं बटणें राखेसारखीं करडीं पडलीं होतीं. मीं हौसेनें बाजारांतून तांबड्या रंगाची डबी आणली व सर्वांत प्रथम बटणेंच रंगविलीं. कारण तीं लहान, हातांत मावणारीं आणि रंगविल्याबरोबर शोभा देणारीं! तांबडीं लखलखीत बटणें लावून शेगडी ओट्यावर ठेवली तेव्हां घरांतील सर्वांनीं माझी वाखाणणी केली.

दुसऱ्या दिवशीं पहाटे आई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, ती दिवा न लावतांच मागें फिरली आणि तिनें मला हलवून जागें केलें. "काऊन रे, रातच्याला शेगडी बंद केली व्हती ना तुनं?"

मीं ती बंद केली होती अशी माझी पक्की खात्री होती. परंतु बटणावर पूर्वीं जी लहानशी पांढरी रेघ होती, आणि जी वर असली म्हणजे शेगडी बंद व आडवी असली म्हणजे चालू असें कळे, ती माझ्या तांबड्या रंगाखालीं गडप झाली होती. रात्रीं दूध उतरविल्यावर मीं बटण फिरविलें खरें, पण तें पुरतें मिटलें नव्हतें. बारीक झालेली ज्योत वाऱ्याच्या झुळुकेनें विझली, आणि गॅस मात्र थोडाथोडा बाहेर पडत राहिला. आईनें आधीं सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, सर्व दारें व खिडक्या उघडल्या, विजेच्या एकाहि बटणास कोणास हात लावूं दिला नाहीं, आणि आम्हां सर्वांना अंगणांत नेऊन बसविलें. उजाडल्यावर आजीनें तें तांबडें बटण हातांत घेतलें, उलटसुलट करून पाहिलें आणि एवढेंच म्हणाली, "रंग तं लय साजरा देल्ला बाप्पा तुनं, पण खूण कुठी गेली?"

आजीच्या त्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

वऱ्हाडांतील चुलीचा इतिहास फार मोठा नसला तरी मनोरंजक आहे. कापसाच्या या मुलखांत पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्या हेंच पिढ्यान्‌पिढ्या घरोघरचें जळण होतें. भरताचें वांगें पऱ्हाटीच्या जाळावर आणि रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजले म्हणजे त्यांना जी चव येते ती अन्य रीतीनें येत नाहीं, असें म्हणणारे रसिक आजहि अमरावती-अकोल्याकडे भेटतील. पुढें शहरांतील घरांतून रॉकेलचा पितळी स्टोव्ह आला. दाबानें तेलाची वाफ करून ती जाळण्याची ही युक्ति स्वीडन देशांत १८९२ सालीं 'प्रायमस' या नांवानें बाजारांत आली व थोड्याच वर्षांत जगभर पसरली. सिलिंडरांतील गॅस आपल्या देशांत प्रथम १९५५ च्या सुमारास मुंबईंत विकला जाऊं लागला. १९६५ सालीं कलकत्त्यास 'इंडेन' नांवानें सरकारी कंपनीनें आपली विक्री सुरू केली, आणि त्यानंतर हळूहळू तो जिल्ह्याच्या गांवीं व पुढें खेड्यापाड्यांत येऊन पोहोंचला. २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळें तर ज्या घरांत पूर्वीं केवळ चूलच होती त्या घरांतहि शेगडी आली. अर्थात् जुन्या, टाकून दिलेल्या अथवा दुसऱ्याकडून घेतलेल्या शेगड्यांची संख्याहि वाढली आहे. म्हणून हें ज्ञान आतां प्रत्येक घरास उपयोगीं पडण्यासारखें आहे.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं शेगडीचें कार्य कसें चालतें तें पाहूं. सिलिंडरांत जो द्रव असतो तो मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन या दोन वायूंचा, दाबाखालीं पातळ केलेला. एक लिटर द्रवापासून सुमारें अडीचशें लिटर वायु होतो, यावरून त्या लोखंडी भांड्यांत केवढी शक्ति कोंडलेली असते याची कल्पना यावी. रेग्युलेटर हा त्या शक्तीचा द्वारपाल होय. तो दाब इतका कमी करतो कीं, नळींतून येणारा वायु पाण्याचा सुमारें ३० सेंटिमीटर उंचीचा स्तंभच तोलून धरूं शकेल. हा वायु नळींतून तोटींत व तोटींतून एका लहानशा पितळी तोंडांत येतो. त्यास जेट म्हणतात. जेटचें छिद्र एक मिलिमीटरपेक्षांहि बारीक असतें. तेथून वेगानें सुटलेला वायु पुढच्या नळींत शिरतांना आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बन्सेन यांच्या प्रयोगशाळेंत १८५५ च्या सुमारास जो दिवा तयार झाला, आणि ज्यावर आपल्या शाळेंतील मुलें परीक्षानळ्या तापवितात, त्याचें तत्त्व हेंच. वायु व हवा यांचें मिश्रण बर्नरच्या छिद्रांतून बाहेर पडून जळतें. एक भाग प्रोपेन पूर्णपणें जळण्यास सुमारें २४ भाग हवा लागते, व एक भाग ब्यूटेन जळण्यास सुमारें ३१ भाग. ही हवा पुरेशी मिळाली म्हणजे ज्योत निळी, स्थिर व नीरव असते. ती अपुरी पडली म्हणजे ज्योत पिवळी होते, भांड्यांच्या बुडास काजळी धरते, आणि त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा डोळ्यांस न दिसणारा व नाकास न कळणारा विषारी वायु उत्पन्न होतो. तेव्हां शेगडीचें आरोग्य तिच्या ज्योतीवरून ओळखावें, अंगावरच्या रंगावरून ओळखूं नये.

याच ठिकाणीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सिलिंडरांतील या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तो निसटल्यास कळावा म्हणून त्यांत मुद्दाम मरकॅप्टन नांवाचें उग्र दर्पाचें द्रव्य अत्यल्प प्रमाणांत मिसळलेलें असतें. आमच्या घरीं त्या पहाटे जें आईच्या नाकास जाणवलें तें हेंच द्रव्य. शिवाय हा वायु हवेपेक्षां दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळें वर न जातां जमिनीलगत सांचतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा दोन ते नऊ यांच्या दरम्यान आलें म्हणजे एक ठिणगी पुरते; मग ती काडीची असो अथवा दिव्याच्या बटणाची असो.

आतां दुरुस्तीचा क्रम. पहिलें काम परीक्षेचें. रेग्युलेटर बंद करून तो सिलिंडरवरून काढावा, सिलिंडरच्या तोंडावर टोपण बसवावें, आणि शेगडी नळीपासून सोडवून अंगणांत उजेडांत आणावी. सिलिंडर, रेग्युलेटर व तोटी यांच्या आंतील भागांस विद्यार्थ्यांनीं कधींहि हात लावूं नये. तें काम जाणत्या कारागिराचें. शेगडीचा सांगाडा गंजून आरपार गेला असेल, बर्नरला चीर पडली असेल, आंतील पितळी अथवा लोखंडी नळी चेपली असेल, किंवा तोटी ढिली होऊन बोटाच्या धक्क्यानेंहि फिरत असेल, तर तिचा मोह सोडावा. असली शेगडी मोडींत घालणें हेंच शहाणपण. वस्तु जपणें हा गुण आहे खरा. पण जी वस्तु माणसाच्या जिवावर उठेल ती जपणें हा गुण राहत नाहीं.

परीक्षेंत शेगडी उतरली, तर दुसरें काम रबरी नळीचें. जुनी नळी कितीहि चांगली दिसो, ती पुन्हां जोडूं नये. रबर काळानें कडक होतें, त्यास बारीक चिरा पडतात, आणि उंदरांचे दांत लागले असतील तर तेहि वरून दिसत नाहींत. हल्लीं आंत पोलादी तारेची वीण असलेली नारिंगी नळी मिळते. तिच्यावर भारतीय मानक संस्थेची मोहोर व तयार केल्याचें साल छापलेलें असतें. पांच वर्षें झालीं कीं ती बदलावी, आणि तिची लांबी दीड मीटरपेक्षां अधिक असूं नये. नवीं शेगडी घेणारांनीं 'आय्. एस्. ४२४६' हा घरगुती शेगडीच्या मानकाचा क्रमांक पाहून घ्यावा. जुन्या शेगडीवरहि ही मोहोर असल्यास तिच्या बनावटीचा विश्वास वाटतो.

तिसरें काम जेट व बर्नर स्वच्छ करण्याचें. ज्यांच्या आजीच्या काळांत पितळी स्टोव्ह होता त्यांना स्टोव्हची पिन आठवत असेल. ज्योत फडफडूं लागली कीं पिन खुपसावयाची, ही संवय गॅसच्या शेगडीस घातक आहे. पोलादी पिनेनें मऊ पितळी छिद्र मोठें होतें. येथें थोडें गणित करूं. समजा, छिद्राचा व्यास ०.७ मिलिमीटर होता व तो घासून ०.८ झाला. वर्तुळाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें तें ४९ चें ६४ झालें, म्हणजे सुमारें ३० टक्क्यांनीं वाढलें! गॅस तितक्या प्रमाणांत अधिक येऊं लागला, हवा मात्र त्या मानानें वाढली नाहीं. परिणाम पिवळी ज्योत, काजळी आणि सिलिंडर लवकर संपणें. केसाएवढ्या फरकाचें फळ एवढें मोठें! म्हणून जेट कारागिराकडून काढवून घ्यावें, साबणाच्या कोमट पाण्यांत भिजवावें व फुंकून साफ करावें. छिद्र मोठें झालें असल्यास तें बदलावें. त्याची किंमत फारशी नसते.

बर्नरच्या टोप्या गरम पाण्यांत साबण घालून अर्धा तास भिजत ठेवाव्या व मऊ कुंचल्यानें घासाव्या. टोपी पितळी असेल तर चिंचेच्या कोळानें किंवा लिंबानें ती सोन्यासारखी उजळते. त्यांतील आम्लें पितळेवरचा काळपट थर विरघळवितात. टोपी किंवा बर्नर अल्युमिनमचा असेल तर त्यास धुण्याचा सोडा मुळींच लावूं नये. सोड्याचें पाणी अल्युमिनमला खातें, त्यावर बुडबुडे येतात व धातु काळी पडते. धुतल्यावर सर्व भाग उन्हांत पूर्ण वाळवावे. छिद्रांत पाणी राहिलें तर ज्योत तडतडते.

चौथें काम गंज काढण्याचें. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हे तीन एकत्र आले कीं गंज जन्मास येतो. तारेच्या कुंचल्यानें व काचकागदानें तो खरवडून काढावा. परंतु एक इशारा देणें आवश्यक आहे. फार जुन्या पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षां अधिक नसावें असा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून अमलांत आला, त्यापूर्वींच्या रंगाचा भरंवसा देतां येत नाहीं. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. म्हणून जुना रंग कोरडा घासूं नये. पाणी लावून घासावा, तोंडास फडकें बांधावें, निघालेला गाळ कागदांत गुंडाळून टाकावा, व लहान भावंडांना तेथें येऊं देऊं नये.

लोखंड उघडें झाल्यावर त्याच दिवशीं त्यास अस्तराचा हात द्यावा. उन्हाळ्यांत वऱ्हाडची हवा इतकी कोरडी असते कीं, एक दिवस उशीर झाला तरी चालेल. पण श्रावणांत रात्रभर उघडें राहिलेलें लोखंड सकाळीं पुन्हां तांबूस दिसतें. वरचा रंग देतांना बर्नरजवळचा भाग व दूरचा भाग असे दोन विभाग करावे. बर्नरजवळ साधा रंग जळतो, पोपडे धरतो व घाणेरडा धूर देतो. तेथें उष्णता सोसणारा, अल्युमिनमची पूड घातलेला सिलिकोनचा रंग लागतो. दूरच्या भागावर साधा तेली रंग चालतो. एकच जाड हात देण्यापेक्षां दोन-तीन पातळ हात द्यावे. बर्नरच्या आंत, जेटवर, अथवा हवा शिरण्याच्या फटीवर रंगाचा थेंबहि पडूं देऊं नये. जाळी बिडाची असेल तर ती रंगवूंच नये. गंज काढून तिला खाण्याच्या तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा व चांगली तापवावी, म्हणजे तेलाचा काळा टिकाऊ थर तयार होतो. वांगें, पापड आणि मक्याचें कणीस जिच्यावर प्रत्यक्ष भाजावयाचें त्या जाळीस तर रंग लावणें म्हणजे तो पोटांत घालणें होय.

आतां बटणांकडे वळूं. प्लॅस्टिक हें एक नांव असलें तरी पदार्थ अनेक आहेत, व प्रत्येकाचा स्वभाव निराळा. जुन्या शेगड्यांचीं काळीं किंवा तपकिरी बटणें बहुधा बेकेलाइटचीं असतात. मूळचे बेल्जियमचे व पुढें अमेरिकेंत स्थायिक झालेले रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनीं १९०७ सालीं कार्बॉलिक आम्ल व फॉर्माल्डिहाइड यांपासून हा पदार्थ बनविला. तो एकदां साच्यांत कडक झाला कीं उष्णतेनें पुन्हां मऊ होत नाहीं, म्हणूनच तो विस्तवाजवळ योग्य. अलीकडच्या शेगड्यांचीं बटणें व पाय यांत ए. बी. एस्. अथवा पॉलिप्रॉपिलीन हीं प्लॅस्टिकें आढळतात; तीं उष्णतेनें मऊ होतात.

ओळख पटविण्यास एक सोपा प्रयोग आहे. नव्या पद्धतीचें बटण पाण्याच्या वाटींत टाकावें. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षां हलकें असल्यामुळें बहुधा तरंगतें, ए. बी. एस्. बुडतें. बेकेलाइटहि बुडेलच, पण तें पाण्यांत टाकण्याचें कारण नाहीं. त्यावर अंगठा जोरानें घासून नाकाजवळ नेला तर कार्बॉलिक साबणासारखा मंद वास येतो, तेवढी खूण पुरे.

रंग उडतो तो कां? सूर्यप्रकाशांतील जंबुपार किरण प्लॅस्टिकच्या लांबलचक अणुसमूहांच्या सांखळ्या तोडतात. हवेंतील प्राणवायु तुटलेल्या टोंकांशीं संयोग पावतो. वरचा थर ठिसूळ, भुकटीसारखा होतो आणि त्यावर प्रकाश विखुरला जाऊन काळा रंग करडा व पांढरा पिवळा दिसूं लागतो. अकोल्यास वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि ऊन येणाऱ्या खिडकीखालीं ठेवलेल्या शेगडीचीं बटणें लवकर म्हातारीं होतात, यांत नवल नाहीं. दुखणें वरच्या थराचें आहे, आंतील पदार्थ बहुतेक शाबूत असतो. म्हणूनच उपचार शक्य होतो.

बेकेलाइटच्या बटणास काचकागद लावूं नये. उष्णता सोसण्यासाठीं कांहीं जुन्या बेकेलाइटांत ॲस्बेस्टॉसचे तंतु मिसळीत, आणि त्यांची धूळ फुफ्फुसांस घातक आहे. तें ओलसर फडक्यानें पुसावें, वाळवावें व उकळलेल्या जवसाच्या तेलाचा एक थेंब मऊ कापडानें चोळावा. जवस हें आपल्या विदर्भाचें पीक. त्याची चटणी आपण आवडीनें खातों. त्याच्या तेलाचा विशेष हा कीं, तें वाळतें. म्हणजे हवेंतील प्राणवायु शोषून पातळ, कडक पापुद्रा बनतें. तें भुकटी झालेल्या थराचे बारीक खळगे भरून काढतें आणि गेलेला काळेपणा परत येतो. करड्या पडलेल्या काळ्या ए. बी. एस्. प्लॅस्टिकवरहि हा उपाय चालतो. दहा मिनिटांनीं जास्तीचें तेल पुसून घ्यावें व दोन-तीन दिवस वाळूं द्यावें.

पण तेल पुसलेलें फडकें? जवसाचें तेल वाळतांना उष्णता बाहेर टाकतें. फडकें पसरलेलें असेल तर ती हवेंत निघून जाते. पण बोळा करून कोपऱ्यांत टाकलें तर उष्णता आंतच सांचत जाते आणि कांहीं तासांनीं कोणी काडी न लावतां तें पेटूं शकतें. जवसहि आपलें, कापूसहि आपला. पण दोघांना एकत्र कोंडून ठेवणें बरें नव्हे! फडकें पाण्यांत बुडवून ठेवावें, अथवा अंगणांत पसरून वाळवून मग टाकावें.

ए. बी. एस्. बटणास नवा रंगच द्यावयाचा असेल, तर प्रथम साबणानें त्याचा सर्व तेलकटपणा काढावा. अशा बटणास जवसाचें तेल आधीं लावूं नये, नाहीं तर रंग धरणार नाहीं. अत्यंत बारीक काचकागद पाणी लावून हलक्या हातानें फिरवावा, वाळवावें, प्लॅस्टिकसाठीं मिळणारें अस्तर द्यावें व मग रंगाचे पातळ हात द्यावे. थिनरनें पुसूं नये. कित्येक थिनरांत ए. बी. एस्. विरघळतें. पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग टिकत नाहीं, नखानें सोलून निघतो. तें बटण बदलावें हें उत्तम. वैशाखांतील दुपारीं रंग पसरण्यापूर्वींच वाळतो व पावसाळ्यांत तो लवकर वाळतच नाहीं. म्हणून कार्तिकापासून माघापर्यंतच्या सकाळीं या कामास योग्य. बटणाच्या मागील छिद्रांत व दाबून फिरणाऱ्या भागावर रंग जाऊं देऊं नये, नाहीं तर बटण अर्धवट अडकून राहतें.

आणि आतां आजीचा प्रश्न. रंग देण्यापूर्वीं बटणावरील खूण पाहून ठेवावी. ती पुसट झाली असेल तर बारीक कानशीनें तिची खांच थोडी खोल करून घ्यावी. बेकेलाइटच्या बटणावर मात्र कानस न चालवितां मूळच्या खांचेंतील मळ लांकडी काडीनें काढावा. सर्व रंग पूर्ण वाळल्यावर त्या खांचेंत काडीच्या टोंकानें पांढरा रंग भरावा. खांच अशी असावी कीं, ती डोळ्यांना दिसेल इतकेंच नव्हे तर बोटालाहि लागेल. कारण आपल्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, आणि म्हातारपणीं डोळ्यांपेक्षां बोटांवरच भिस्त ठेवावी लागते. शेगडीच्या अंगावर 'बंद' व 'चालू' हीं ठिकाणेंहि त्याच वेळीं रंगवून घ्यावीं.

शेवटचें काम पुन्हां परीक्षेचें. शेगडी ओट्यावर, सिलिंडरच्या पातळीपेक्षां उंच ठेवावी. दोन्ही बटणें बंद ठेवून, घरांतील वडील मनुष्याच्या समक्ष रेग्युलेटर उघडावा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावावा. फेस फुगूं लागला तर गॅस निसटत आहे असें समजून तत्काळ रेग्युलेटर बंद करावा व कारागिरास बोलवावें. काडी लावून गळती शोधणें हा शुद्ध आत्मघात होय. फेस शांत राहिला तर शेगडी पेटवावी. ज्योत निळी व स्थिर असेल तर आपले श्रम सफळ झाले. पिवळी असेल, किंवा बर्नरपासून सुटून वर नाचत असेल, तर हवेचें मान कारागिराकडून जुळवून घ्यावें. प्रयोगाची हौस असणारांनीं एक लिटर पाणी तापवून पाहावें. ३० अंशांचें पाणी उकळीस आणण्यास ७० किलोकॅलरी लागतात. एक किलो गॅसपासून सुमारें ११,००० मिळतात. शेगडीनें त्यांतील शेंकडा ६८ पाण्यास पोहोंचविल्या, तर लिटरभर पाण्यास नऊ ते दहा ग्रॅम गॅस पुरतो. शेगडी नीट नसेल तर याहून अधिक जळेल व धुरासहित जळेल.

एवढें करूनहि केव्हां गॅसचा वास आलाच, तर काय करावें हें प्रत्येक मुलास पाठ असावें. काडी ओढूं नये, विजेचें कोणतेंहि बटण लावूं नये व मालवूंहि नये, रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या, सर्वांनीं बाहेर जावें, आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. हा क्रमांक गॅसच्या संकटासाठींच रात्रंदिवस चालू असतो.

त्या दिवशीं दुपारीं आजीनें मला आपल्याजवळ बसवून घेतलें. माझा तांबडा रंग तिनें खरवडून काढूं दिला नाहीं. जुन्या रेघेची खांच हातास लागत होतीच. तिच्यावर साचलेला रंग तिनें दाभणाच्या टोंकानें हळूच उकरला आणि पांढऱ्या रंगाचा बारीक थेंब माझ्याच हातानें तींत भरविला. पुढें बरींच वर्षें ती शेगडी आमच्या घरीं चालली. निजण्यापूर्वीं आजी अंधारांत दोन्ही बटणांवरून अंगठा फिरवी, आणि रेघ वर लागली म्हणजेच अंथरुणाकडे वळे.

विद्यार्थिमित्रहो, आज घरीं गेल्यावर आपल्या शेगडीच्या बटणावरून एकदां अंगठा फिरवून पाहा. खूण लागते कां? लागत नसेल, तर रंगाच्या डबीच्या आधीं ती खूण करा.